आगोट आणि फुकटात बघायचे भाव

काल सकाळी रातांबे फोडायला बसले आणि पहिलं घमेलं संपायच्या आतच दमले. हात कोपरापर्यंत लाल, पाठीत कळ, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतोय आणि पुसायला एक बोट कोरडं नाही. वर आभाळ नुसतं दाटलेलं. वारा कुठे जाऊन बसला होता कोण जाणे. माडाची एक झावळी हलेल तर शपथ.

मे संपता संपता आमच्याकडे जे दिवस येतात त्यांना कॅलेंडरात जागा नाही. ते धड उन्हाळ्यातले नसतात, धड पावसाळ्यातले नसतात. आम्ही त्यांना आगोट म्हणतो. पुढचे चार महिने काही वाळणार नाही, समुद्रात होडी जाणार नाही, असं धरून घर भरून ठेवायचं, ती आगोट. लाकडं फोडून पडवीत रचायची. रातांब्यांची सालं खारट रसात बुडवून उन्हात टाकायची, म्हणजे त्यांची सोलं, तुमची आमसुलं, होतात. सुके बांगडे आणि सुकट आणून पुन्हा एकदा ऊन दाखवायचं. फणसाची साठं घालायची. हल्ली मालवणच्या बाजारात जाऊन हे सगळं बारा महिने विकत आणता येतं, आणि माझी पाठ मला दरवर्षी तेच सांगते. तरी मे उजाडला की हात आपोआप घमेल्याकडे जातात.

आगोट आली की बायकांना माहेर आठवतं, म्हाताऱ्यांना जुने पाऊस आठवतात. मला शेअरचे भाव आठवतात. यावरून मी कुणी पैसेवाली बाई असेन असं वाटलं असेल तर तो गैरसमज आत्ताच काढून टाका. माझ्या नावावर एकही शेअर नाही आणि तो कसा दिसतो तेही मला ठाऊक नाही. पण काही वर्षांपूर्वीची एक अख्खी आगोट मी त्यांचे भाव फुकटात कुठे बघायला मिळतील ते शोधण्यात घालवली. एका हातात रातांबा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलची काच लाल.

माझे यजमान, म्हणजे आमचे हे, मुंबईत एका औषध कंपनीच्या हिशेब खात्यात होते. दुपारी डबे उघडले की तिथे शेअरच्या गप्पा सुरू व्हायच्या. कुठला वर गेला, कुठला आपटला, कुणाच्या मेव्हण्याने काय घेतलं. हे थोडेफार घ्यायचे, थोडेफार विकायचे, दिवाळीला त्यातून एखादी साडी यायची. तेव्हा माझी काही तक्रार नव्हती. नोकरी संपली आणि आम्ही मालवणजवळच्या ह्यांच्या गावी राहायला आलो. इथे हवा चांगली, पाणी चांगलं, मासळी ताजी. डबे उघडून बसायला मात्र कुणी नाही. शेजारी आंबा बोलतात, काजू बोलतात, कोर्टातल्या जमिनी बोलतात. ह्यांना त्यातलं एकही येत नाही. जन्म इथला असूनही हे गावात पाहुण्यासारखे वावरायचे.

मग मोबाईल बोलायला लागला. कुणीतरी रोज सकाळी आज काय घ्यायचं ते पैसे घेऊन सांगायचं, आणि हे घ्यायचे. ऑप्शन की काय म्हणतात त्याला. मला आजतागायत ते कळलेलं नाही. एवढंच कळलं की त्यात सकाळी गेलेले पैसे संध्याकाळी परत येतात असं सांगतात, आणि येत नाहीत. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेचा मोठा तुकडा असा गेला. उरलेलं होतं ते आमच्या म्हातारपणाचं, दुखण्याखुपण्याचं. घराची कौलं बदलायला पैसे काढू म्हटलं तेव्हा हे गप्प झाले, आणि त्या गप्प होण्यातून सगळं बाहेर आलं.

मी आरडाओरडा केला नाही. ओरडायला अंगात जोर लागतो. मी भात वाढता वाढता सांगितलं, की पुन्हा एकदा असं झालं तर मी सावंतवाडीला लेकीकडे जाईन आणि परत येणार नाही. हे मी रागाने बोलले असते तर ह्यांनी सोडून दिलं असतं. मी शांतपणे बोलले म्हणून ह्यांना ते खरं वाटलं. खरंच होतं. माझ्या मनात बॅग भरून झाली होती.

गावाकडे माणसाच्या शब्दाला साक्षीदार लागतो, आणि देवाएवढा स्वस्त साक्षीदार दुसरा नाही. आम्ही दोघं रवळनाथाच्या देवळात गेलो. गुरवमामांनी नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं. म्हणजे भक्ताचं म्हणणं त्याच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. शेअर बाजारात तेचो पाय घसरलो. ह्याच्या म्होरां तो काय घेवचो नाय, काय इकूचो नाय, असो शब्द देता. तेका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं देवळात बसलेली चार माणसं ठरल्याप्रमाणे म्हणाली. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत होतं. हे मान खाली घालून उभे होते. टक्कल घामाने चमकत होतं आणि मला ह्यांची फार दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

त्यानंतर हे पार विझून गेले. शब्द पाळत होते, त्यात खोट नव्हती. सकाळी उठायचे, चहा घ्यायचे आणि खुर्चीत बसायचे. आगोटीत होड्या वाळूवर ओढून, वर झावळ्यांची झापं टाकून ठेवतात ना, तसे. पेपर आला तरी उघडायचे नाहीत. बांगडे कसे दिले असं मी येऊन सांगितलं तर ऐकल्यासारखं करायचे. एकदा मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. तरी "बरा" म्हणाले. हिशेब खात्यात जन्म काढलेला माणूस बांगड्याच्या दुप्पट भावाला बरा म्हणतो, तेव्हा मला भीती वाटली.

मग एक दिवस ह्यांनी विचारलं, खूप वेळ चाचरून. "नुसते भाव बघलंय तर? घेवचंय नाय. नुसते बघतलंय."

तंबाखू सोडलेल्या माणसाने पुडीचा नुसता वास घेऊ का असं विचारावं, तसंच हे. मी नाही म्हणणार होते. पण खुर्चीतला तो माणूस बघून जीभ रेटेना. शेवटी ठरलं, देवाला विचारायचं. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची हरकत नाही.

मी मात्र आधीच अट घातली. एक पैसा खर्च व्हायचा नाही. सकाळी भाव सांगून पैसे घेणारे परत घरात शिरायला नकोत. गुरवमामांनी पाकळ्या लावल्या, आणि हात जोडायच्या आधी माझ्याकडे वळले.

"वहिनी, रिचार्जाचे पैसे ह्याच्यात धरूचे काय?"

प्रश्न बिनतोड होता. देवासमोर मोघम बोलून चालत नाही. मी विचार करून सांगितलं, "रिचार्ज तसोय करूकच लागता. तो धरूचो नाय."

"तर मग, बा देवा म्हाराजा, रिचार्ज सोडून पैसो मोडल्याशिवाय, फुकटात, नुसते भाव बघूक तुझी हरकत नसात तर उजवो कौल दी!"

देव बराच वेळ विचार करत होता. बाहेर उकाडा मरणाचा. आत समईच्या तेलाचा वास, ओल्या दगडाचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या सुकटाचा वास. मग उजवीकडची पाकळी पडली. ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग दिसला. आणि फुकटातलं शोधायचं काम, अर्थातच, माझ्या गळ्यात पडलं. ह्यांना मोबाईल एकटा देऊन शोधायला सांगणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

फुकट म्हणजे काय याचा अनुभव मला दांडगा आहे. घरातल्या बाईचं सगळं फुकटातच असतं. पण इंटरनेटवरचं फुकट ही निराळी जात. सगळ्यात आधी मी शेअर बाजाराची स्वतःचीच साइट उघडली. म्हटलं, भाव तिथेच ठरतात तर तिथेच बघू. तिथे खरंच एक पैसा पडत नव्हता. पण अक्षरं मुंगीएवढी, आणि जरा वेळ हात लावला नाही की सगळं पांढरं. पुन्हा पहिल्यापासून. मग एका बातम्यांच्या चॅनेलचं ॲप घेतलं. त्यात एक भाव बघायला गेलं की आधी कर्जाची जाहिरात, मग गुडघेदुखीच्या तेलाची, मग पुरुषांच्या आतल्या कपड्यांची. ती घालवायची फुली इतकी बारीक, की माझ्या लाल बोटाने दर वेळी जाहिरातच उघडायची.

हे बाजूला खुर्ची ओढून बसायचे. इंटरनेटची रेंज आमच्याकडे फक्त खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात येते आणि ऊनही तिथेच चांगलं पडतं. त्यामुळे चटईवर सोलं, तट्ट्यावर बांगडे, मधे मी आणि कडेला हे, असा आमचा दरबार भरायचा. कावळे माडावर बसून वाट बघायचे. मी एका हाताने त्यांना हाकलायची आणि दुसऱ्या हाताने बाजार शोधायची.

तिसरं ॲप चांगलं निघालं. आपल्याला हव्या त्या कंपन्या निवडून ठेवायच्या, वॉचलिस्ट म्हणतात तिला, की सगळे भाव एकाखाली एक. जाहिरात कमी, अक्षर मोठं. हे खूश झाले. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं. कारण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं ह्यांनी वाचलं होतं, की हे भाव पंधरा मिनिटं उशिराचे आहेत.

"ह्या काय गो! भाव ताजो व्हयो. पंधरा मिन्टाचो शिळो भाव घेवन काय करूचो?"

"काय करूचा म्हणजे? तुमका काय घेवचा आसा?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताजो व्हयो तर बंदरार जावा आणि बांगड्याचो भाव इचारा," मी म्हटलं. "आणि येताना बांगडेय घेवन येवा."

बंदरावरून मासळी घरी येते तेवढ्या वेळाचा शिळा भाव. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण हे खिन्न झाले, आणि हे खिन्न झाले की मला पुन्हा ती झाप घातलेली होडी दिसायची. म्हणून मी पुन्हा शोधायला लागले. वीज जायची, टॉवर बसायचा, रेंज परत यायची. फोडलेल्या रातांब्यांचा ढीग वाढत होता आणि माझी बोटं चिरली होती. त्या चिरांत मीठ जायचं. कशासाठी चाललंय हे, असं दिवसातून कितीदा तरी मनात यायचं. एका माणसाने काही घेऊ नये म्हणून त्याला दाखवायला भाव शोधायचे. हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

एक साइट अशी सापडली की वर ठळक लिहिलेलं, ताजे भाव, कायम फुकट. आत गेले तर एक चौकोन. नंबर टाका. मी ह्यांचा नंबर टाकला. पुढे काही उघडलंच नाही, गोल चक्र फिरत राहिलं आणि रेंज गेली. मी ती बंद केली आणि विसरून गेले. रात्री लेकीला फोनवर बाकीचं सगळं सांगितलं, हे सांगायचं राहिलं.

लेकीनेच शेवटी मार्ग काढला. "आई, तू एवढा त्रास कशाला घेतेस? मी एक शीट करून देते." तिने सावंतवाडीत बसून एक कोरा तक्ता केला. डावीकडे कंपन्यांची नावं. उजवीकडे तिने काहीतरी सूत्र घातलं, की भाव आपोआप येऊन बसायचे. जाहिरात नाही, नंबर नाही, पैसा नाही. थोडे उशिराचे असतील बाबा, असं तिने सांगितलं तेव्हा हे म्हणाले, असूंदे. लेकीने पाठवलेला शिळा भाव ह्यांना चालला. 

शोध संपला आणि राखण सुरू झाली. तक्ता बघताना माणसाचा अंगठा वर-खाली सरकतो. घ्यायचं-विकायचं असलं की अंगठा टकटक करतो. हे मी निरीक्षणाने ठरवलं होतं. मी सोलं उलटायला बसायची ती ह्यांचा उजवा हात दिसेल अशी. चुलीजवळ असले तरी दाराच्या फटीतून अंगठा दिसायचा. जरा टकटक दिसली की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर यायची. पाणी हवंय का, कावळा बसला का, पंचा कुठे ठेवलात. दुपारी पाठ टेकणं मी सोडून दिलं, कारण बाजार दुपारीच चालू असतो. पैसे गेले तेव्हा मी एवढी थकले नव्हते. कुणावर विश्वास न ठेवणं हे फार मेहनतीचं काम आहे. त्याला सुट्टी नाही, आणि ते करताना चेहऱ्यावर दिसूही द्यायचं नसतं.

आता हे लिहितानाही ते दिवस अंगावर येतात. काल ह्यांनी हौसेने थोडे रातांबे फोडले, तिरके फोडले. आजकाल तो तक्ता हे उघडतात, कधी कधी दोन-दोन दिवस उघडत नाहीत. होड्या वाळूवर चढल्या आहेत. पर्यटक गेले, किनाऱ्यावरचे पाण्याच्या खेळांचे बोर्ड उतरले. घराघरांतून लाकडं फोडल्याचा आवाज येतो. मी त्या आवाजात बसून राहते. मला त्या वर्षीचा तो आवाज आठवतो, कारण त्यात मिसळून दुसरा एक आवाज असायचा. ह्यांचा फोनवरचा.

फोन यायला लागले होते. रोज दुपारी, जेवणानंतर थोड्या वेळाने. हे उठून खळ्याच्या टोकाला जायचे आणि हळू आवाजात बोलायचे. मी दारात आले की "बरा, ठेवतंय" म्हणून बंद. कुणाचा म्हटलं तर "हापिसातलो जुनो मित्र". ह्यांच्या ऑफिसातल्या कुठल्या जुन्या मित्राने इतक्या वर्षांत एक फोन केला नव्हता, तो आता रोज करतो. एकदा ह्यांचा मोबाईल चार्जिंगला असताना पडद्यावर मेसेज उमटला, "सर, आजचा फ्री डेमो चुकवू नका."  तीच माणसं. त्यांनी ह्यांना पुन्हा गाठलं होतं.

मी आत गेले. कपाटावरची बॅग खाली काढली, दोन लुगडी, औषधं आणि चष्मा घातला. मला वाटलं होतं आपण रडू. पण मला फक्त दिसत होतं, की लेकीच्या घरी मधल्या खोलीत एक पलंग आहे, त्यावर पंखा आहे आणि तिथे कुणाच्या अंगठ्याकडे बघायचं नाही. दुपारी फोन आला की जाऊन समोर उभं राहायचं, विचारायचं, आणि संध्याकाळची एसटी धरायची. एवढं ठरवून मी सोलं उलटली. ती उलटायची म्हणून उलटली. कोण खाणार होतं, ठाऊक नव्हतं.

फोन आला. हे त्या दिवशी टोकाला गेले नाहीत, तिथेच चटईशेजारी खुर्चीत बसले. मी मागच्या दारी आहे असं ह्यांना वाटलं असावं. मी पडवीच्या दाराआड येऊन उभी राहिले. पलीकडून बोलणारी मुलगी होती. तिचा आवाज येत होता पण शब्द कळत नव्हते, ह्यांचे तेवढे कळत होते.

"हां, बोल गो. नाय, झोपाक नाय. सोलां राखतंय. कावळे लय माजलेत... तू जेवलंस काय?... काय गो, आजून जेवक नाय? पुण्यात तुमका जेवकय सोडनत नाय?"

मग हे हसले. पुढे पलीकडून काहीतरी बराच वेळ, पाठ केल्यासारखं चालू होतं. हे ऐकून घेत होते.

"झाला तुझा सांगान? आता माझा ऐक. ता डेमो-बिमो माका नको. पयल्याच दिवशी तुका सांगलंय, घेवचंय नाय म्हणजे घेवचंय नाय. तू आमच्या सावंतवाडीकडची निघालंस म्हणान बोलतंय तुझ्यावांगडा, नायतर फोन ठेवलंय असतंय."

कोकणातला माणूस. समोरच्याने काय विकायला आणलंय ते मागून, आधी गाव कुठलं.

"तुमका माझो नंबर खंयसून गावलो ता माका ठावक आसा. ती माझ्यासाठी फुकटातला शोधी होती, तेव्हा तिनाच टाकल्यान आसतलो. तिका सांगूचंय नाय मी. उगाच जीवाक लावन घेयत... देवाचो भय? तो आसाच. पण देव देवळात रवता गो. ही दिवसभर माझ्यासमोर आसता. बोलणा काय नाय. बोलली असती तर बरा झाला असता. माझ्या अंगठ्याकडे बघत रवता. तिका वाटता माका कळणा नाय."

मी दाराची चौकट धरली.

"मी अंगठो मुद्दाम सावकाश फिरवतंय. तरी ती दोनदा येवन पाणी इचारून जाता... दमली गो ती. माझी राखण करून करून दमली. दुपारची पाठ टेकणा नाय. तिका आता आणि दमवूचा नाय माका. बाजार काय, उद्याय उघडतलो."

हे एक कावळा हाकलून परत बसले. मग ह्यांनी विचारलं, "तुझा टार्गेट झाला काय आजचा?... नाय? मग माझ्या नावाम्होरां 'इचार करतत' असा लिव. म्हणजे तुका कोण बोलूचो नाय. आणि उद्या परत फोन करूक येयत... आधी जेव जा."

मला पहिल्यांदा लाज वाटली. मग इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्याच्या मागोमाग सगळा थकवा एकदम पायांत उतरला. इतके दिवस तो कुठेतरी थांबून राहिला होता. बाहेर जाऊन ह्यांना काही बोलावं असं वाटत होतं, पण उभंच राहवेना. मी आत गेले, माजघरातल्या गार जमिनीवर तशीच आडवी झाले. बॅग पायाशी होती. ती बाजूला सारायचंही त्राण नव्हतं. सोलं बाहेर, बांगडे बाहेर, हे बाहेर, मोबाईल ह्यांच्या हातात आणि बाजार चालू. मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा घरात अंधारलं होतं. वाऱ्याचा आवाज येत होता आणि खळं रिकामं होतं. मी धडपडत उठले तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. सदरा घामाने भिजलेला, हात मिठाने पांढरे, चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखं काहीतरी. आभाळ भरून आलेलं बघून ह्यांनी एकट्याने सगळं आत घेतलं होतं. घाईघाईत एकच मोठा डबा हाताला लागला म्हणून सोलं आणि सुके बांगडे दोन्ही त्यातच भरले होते आणि झाकण घट्ट दाबून बसवलं होतं.

"तू झोपली होतंस म्हणान उठवक नाय. सगळा भरलंय. एक थेंब लागाक दिलंय नाय."

मी झाकणाला हात लावला. मग काढला. "बरा केलात," मी म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवलं. हे माजघरात गेले, आणि जमिनीवर पडलेली बॅग ह्यांनी बघितली. ती उचलून कपाटावर ठेवली, अगदी मागे, भिंतीला लावून.

त्या पावसाळ्यात आमच्या घरच्या सोलकढीला सुक्या बांगड्यांचा वास होता. गणपतीला लेक आली तेव्हा तिने पहिल्याच घोटाला वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी आपापली वाटी संपवली, आणि ह्यांनी आणखी मागितली.